आगेऱ्याला आणलेलं झाड

ती सकाळ आठवायला मला डायरी उघडावी लागत नाही, नाक पुरतं. पावसाळा सरून ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं आणि वसईतल्या पापडी गावाच्या बाजूच्या एखाद्या वाडीतून ओल्या पाल्याचा उग्र वास आला, की मी चालता चालता थांबतो. बायको म्हणते, "झालं, ह्यांची ड्युटी सुरू." निवृत्त होऊन काही वर्षं झाली, आता एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमध्ये माझी हजेरी घेणारी ती एकटीच आहे.

मी मूळचा साताऱ्याकडचा. वसईत सहायक पोलीस निरीक्षक म्हणून आलो तेव्हा आयुक्तालय व्हायचं होतं, आम्ही जिल्ह्याच्या ग्रामीण पोलिसांत मोडत होतो. काम मात्र तिन्ही प्रकारचं. सातिवलीच्या गोदामांतल्या चोऱ्या, नव्या इमारतींतली पार्किंगवरून होणारी भांडणं आणि जुन्या गावांत वाडीच्या बांधावरून येणारे तक्रार अर्ज. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर सकाळी केळ्यांचा घड असायचा. कोणी ठेवला ते कधी कळायचं नाही, अकरापर्यंत तो संपलेला असायचा हे नक्की. मला त्या ठाण्याची फार आठवण येते, हे आधीच सांगून टाकतो.

त्या सोमवारी हजेरी नुकतीच संपली होती. जवळच्या चर्चचे फादर स्कूटरवरून आले. स्कूटरवर पाय ठेवतात त्या जागी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी उभं होतं, त्याचा हिरवा शेंडा फादरांच्या खांद्याच्या वर आलेला. नेहमी अंगणातूनच "काय साहेब!" म्हणणारे फादर त्या दिवशी हळू आवाजात म्हणाले, "जरा आत बसून बोलू या."

दार लोटल्यावर त्यांनी गोणपाट सोडलं. खोलीभर वास झाला.

"काल आगेरा होता," फादर म्हणाले.

आगेरा म्हणजे वसईच्या ख्रिस्ती गावांतला नव्या पिकाचा सण. शेतातली पहिली लोंबी, वाडीतला पहिला घड, जे काही त्या वर्षी पहिल्यांदा हाती आलं ते वाजतगाजत चर्चमध्ये न्यायचं आणि वेदीपुढे ठेवायचं. फादर त्यावर पवित्र पाणी शिंपडतात. आमच्याकडे नव्या ज्वारीचा पहिला घास ग्रामदैवताला जातो, तसंच.

"सगळ्यांनी भात आणलं, पडवळ आणलं, राजेळी केळी आणली. बाबांनी हे आणलं. कुंडीसकट, दोन्ही हातांत धरून, अगदी पुढच्या रांगेत. मिस्साची प्रार्थना झाल्यावर आमचा एक जुना बोटीवरचा आचारी माझ्याकडे आला. जगभरातली बंदरं पाहिलेला माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाला, फादर, हा गांजा आहे." फादरांनी कपाळावरचा घाम पुसला. "आणि साहेब, मी काल ह्याच्यावर पवित्र पाणी शिंपडलंय."

मला हसू आलं ते मी मिशीत दाबलं. फादर हसत नव्हते.

बाबा म्हणजे गावातले पंचाहत्तरीचे वाडीवाले. सगळेच त्यांना बाबा म्हणत, मीही तेच म्हणतो. त्यांनी काठी रोवली तरी तिला पालवी फुटते असं पापडीत म्हणायचे. मुलं परदेशात, बायको दोन वर्षांपूर्वी वारलेली. वाडीत ते एकटे, आणि गेल्या वर्षापासून एक तरुण भाडेकरू. शिकलेला, तिशी ओलांडलेला, कंपनीतली नोकरी सोडून सेंद्रिय शेती करायला आलेला.

"बाबांना काही होणार नाही ना?" फादरांनी विचारलं.

"कायदा आहे, फादर," मी म्हणालो. तेव्हा मला असली उत्तरं द्यायची सवय होती.

अंमली पदार्थांच्या कायद्यात कागदाला फार महत्त्व. मिळालेली खबर आधी लेखी उतरवायची, वरिष्ठांना तिची प्रत पाठवायची, खबर देणाऱ्याचं नाव झाकायचं, दोन पंच घ्यायचे. एक पायरी चुकली तरी वर्षभराची मेहनत कोर्टात पाण्यात जाते. मी सगळं पायरीपायरीने केलं, तालुका कृषी अधिकाऱ्यांना निरोप धाडला आणि हवालदारांना जीप काढायला सांगितली.

आमचे हवालदार त्याच गावचे आणि त्याच चर्चचे. गावातली घरगुती बोली मला निम्मीच कळायची, म्हणून पापडीला जाताना मी त्यांना बरोबर घ्यायचो. जीपमध्ये त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "साहेब, मी काल तिथंच होतो. बाबांच्या मागं दोन रांगा सोडून."

"मग ओळखलं कसं नाही?"

"वीस वर्षांत गांजा पाहिला तो पुडीत, साहेब. जिवंत कधी पाहिला नव्हता."

खरं सांगायचं तर मीही पाहिला नव्हता.

बाबांची वाडी अशी होती की शिरल्याबरोबर आवाज आपोआप खाली यावा. पुढे केळी आणि नारळ, मधे पानवेली, एका कडेला बावखल. बावखल म्हणजे पावसाचं गोडं पाणी साठवणारं वाडीतलं तळं. असली तळी बुजवून त्यावर इमारती उठत होत्या, बाबांचं मात्र काठोकाठ भरलेलं होतं. घराच्या मागच्या अंगणात बांबू आणि प्लास्टिकचं छोटं हरितगृह उभं होतं, आमच्या लॉकअपपेक्षा थोडं मोठं. त्याच्या बाहेर, उघड्यावर, दोन लांब वाफे. आत आणि बाहेर एकच पीक, माणसाच्या उंचीचं, काळंभोर हिरवं. मी शेतकऱ्याचा मुलगा. छाप्याला गेलेल्या अधिकाऱ्याच्या मनात यायला नको होतं, पण माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच की काय पीक आणलंय!

भाडेकरू हरितगृहात होता. गणवेश पाहताच त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. बाबा बाहेरच्या वाफ्यात उकिडवे बसून झाडांना मातीची भर देत होते. त्यांनी वर पाहिलं आणि चक्क हसले. त्यांना वाटलं, फादरांनी पीक बघायला पाहुणे पाठवले.

मी माझी ओळख सांगितली. बाबा माझ्याशी शाळेतली मराठी जपून बोलायचे.

"बाबा, ही झाडं कोणी लावली?"

"मी."

"म्हणजे बी कोणी पेरलं?"

"मीच, साहेब. ह्या हातांनी."

"आणि खत?"

"माझंच. शेणखत, कडुलिंबाची पेंड, सुकटीचा चुरा. रासायनिक कणभर नाही. पान बघा ना हातात घेऊन."

"पाणी?"

"बावखलाचं. बोअरिंगचं खारट झालंय, ते ह्यांना सोसत नाही."

पंच खाली बघत होते. आरोपी गुन्हा नाकारताना मी हजारदा पाहिलाय. गुन्ह्याचं श्रेय असं भराभर अंगावर घेणारा माणूस पहिल्यांदाच भेटला होता. हवालदारांना राहवलं नाही. त्यांनी पुढे होऊन बाबांना त्यांच्या बोलीत सांगितलं की हा गांजा आहे, पोलीस ह्याच्यासाठी आलेत. बाबांनी त्यांना वेड्यात काढलं.

"गांजा वाळलेला असतो, बिडीत घालतात तो. हे झाड आहे. औषधी झाड आहे. विचारा त्याला."

सगळ्यांनी भाडेकरूकडे पाहिलं. तो हरितगृहाचं प्लास्टिक नीट करत राहिला.

दुपारभर पंचनामा चालला. कृषी अधिकाऱ्यांनी झाडं ओळखून दिली, मोजदाद झाली, नमुने सीलबंद झाले. शिपाई झाडं उपटायला लागले आणि बाबा प्रत्येक झाडामागे "सांभाळून, मूळ तुटेल" म्हणत राहिले. बाहेरच्या वाफ्यातल्या काही झाडांच्या बुंध्याला लाल चिंधी बांधलेली होती. हरितगृहात तसं एकही नव्हतं. मी विचारलं तर बाबा म्हणाले, "ती बियाण्याला ठेवलीत." मी पंचनाम्यात "काही झाडांस लाल चिंधी बांधलेली" असं लिहवून घेतलं आणि पुढे गेलो. माझ्या वडिलांनीही आयुष्यभर तेच केलं होतं, म्हणूनच बहुधा मला त्यात वेगळं काही दिसलं नाही. रोजच्या ओळखीच्या गोष्टीकडे माणूस दुर्लक्ष करतो, आणि पोलीसही माणूसच असतो.

ठाण्यात भाडेकरूला समोर बसवलं. एव्हाना तो सावरला होता.

"सर, मी तर ऑर्गॅनिक फार्मिंग शिकायला आलेलो," तो म्हणाला. "जमीन त्यांची, खत त्यांचं, पानी त्यांचं. मला काय माहीत ते काय लावतात? तुम्ही त्यांनाच विचारा ना, कोणी लावलं ते. ते खोटं नाही बोलणार, सर. एकदम सीधा माणूस आहे."

इतका बेरकी माणूस मी फार वेळा पाहिला नाही. बाबा काय उत्तर देतील हे त्याला माझ्याआधी ठाऊक होतं, आणि त्याच भरवशावर तो वर्षभर निर्धास्त राहिला होता. पंचांसमोर बाबांनी ते उत्तर देऊनही टाकलं होतं. सातबारा बाबांच्या नावावर. बाबांनी त्याच्याकडून भाडंसुद्धा घेतलेलं नव्हतं, त्यामुळे भाडेकरू असल्याचा एकही कागद नव्हता. आणि ह्या कायद्याची एक कडक बाजू अशी की आरोपीला ठाऊक होतं असंच कोर्ट आधी गृहीत धरतं. ठाऊक नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं आरोपीवर. पंचाहत्तरीचे बाबा ते ओझं कसं उचलणार होते?

वरिष्ठांचा फोन आला. "जमीन कोणाची?" मी सांगितलं. "मग त्याला कशाला बाहेर ठेवलंय? उद्या दोघांनाही कोर्टात हजर करा." त्यांचंही चूक नव्हतं. कागद बाबांच्या विरुद्ध होते. फिर्यादीत दोघांची नावं चढली. भाडेकरूची अटक दाखवली, बाबांची उद्या सकाळपर्यंत थांबवली. तेवढी एकच सवलत माझ्या हातात होती. ह्या गुन्ह्याला सहजी जामीन नाही. एकदा आत गेले की वाडीची माती पुन्हा बाबांच्या हाताला लागेल याची खात्री मला देता आली नसती.

दिवस मावळायच्या आत घराची झडती उरकावी म्हणून पंच घेऊन पुन्हा पापडीला गेलो. बाबा ओट्यावर बसले होते, दारात दोन शिपाई. घरात संशयास्पद काहीच सापडेना. शेवटी स्वयंपाकघराला लागून असलेली कोठीची खोली उघडली आणि मी उंबऱ्यावरच थांबलो.

ती बियाण्याची खोली होती. वाळवलेले दुधी भोपळे पोखरून त्यात बी भरलेलं, तोंडाला चिंध्यांचे बोळे. वाल, पडवळ, शिराळी, लाल माठ, काकडी. डब्यांतलं बी राखेत घोळलेलं, कीड लागू नये म्हणून. प्रत्येक डब्यावर ईस्टरच्या आधीच्या झावळीच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या पातीचा चिमुकला क्रूस चिकटवलेला. आमच्या घरी तुळईला ज्वारीची निवडक कणसं टांगलेली असायची आणि भूक लागली तरी त्यांना हात लावायची बिशाद नव्हती. त्या खोलीत मला एकदम माझे वडील आठवले, आणि डोळ्यांत पाणी आलं. पंचांना वाटलं असेल, राख गेली.

फळीच्या टोकाला एक नवा डबा होता. त्यावरही क्रूस. उघडला तर राखेत घोळलेलं गोल, करडं, ठिपक्याठिपक्यांचं बी.

"हे त्याच झाडाचं का, बाबा?"

"हो. चिंधी बांधलेल्या झाडांचं, आधी पिकलं तेवढं." बाबा दारात येऊन उभे होते. "पहिलं बी घरात ठेवायचं, पहिलं झाड देवाला द्यायचं आणि थोडं बी शेजाऱ्यांना वाटायचं. आमची रीतच आहे. काल मिस्सा झाल्यावर पाच घरी चिमूट चिमूट दिलं."

"पाच घरी?" मी जवळजवळ ओरडलोच.

"बी आणून देताना दुखण्यावर चांगलं असतं म्हणाला तो पोरगा. परदेशात तेल काढतात ह्याचं. माझी बायको शेवटी दुखण्याने रात्रंदिवस कण्हत होती, साहेब. तेव्हा हे झाड माझ्याकडे असतं तर? म्हणून म्हटलं, प्रत्येक घरी एकतरी असू दे."

तेवढ्यात माझ्या मागे कोणीतरी घसा खाकरला. हवालदार होते. त्यांचा चेहरा पडलेला. त्यांनी खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि माझ्यापुढे धरली. रुमालात तेच बी होतं.

"पाचवं घर माझं, साहेब," ते म्हणाले. "आईच्या गुडघ्यासाठी दिलं बाबांनी. दिवसभर सांगायची हिंमत होत नव्हती."

आजही ते चित्र डोळ्यांपुढे आलं की मला हसू आवरत नाही. गांजाच्या छाप्यावर गेलेल्या हवालदाराच्या खिशात आरोपीने प्रेमाने दिलेलं गांजाचं बी! पण त्या क्षणी मला हसण्याआधी दुसरंच सुचलं. लपवून काम करणारा माणूस चोरटा माल वेदीपुढे वाजतगाजत नेईल का? आणि त्याचं बी पोलिसाच्या आईला वाटेल का?

बाबांना खरं काय ते त्याच वेळी उमगलं, हवालदारांच्या चेहऱ्याकडे बघून. ते खाली बसले. वाडीचं काय, माझं काय, असलं काहीच त्यांनी विचारलं नाही.

"फादरांना कळलंय का?" त्यांनी विचारलं.

खबर कोणी दिली हे मला सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, "कळेल."

त्या संध्याकाळी पाचही घरी फिरलो. कोणी बी देवघरातल्या मूर्तीपाशी ठेवलं होतं, कोणी साखरेच्या डब्यामागे. नुसतं बी म्हणजे कायद्याने गांजा ठरत नाही, त्यामुळे त्या लोकांना धोका नव्हता, पण त्यांचे जबाब मला सोन्यासारखे होते. सगळ्यांनी एकच सांगितलं: बाबांनी दिवसाउजेडी, चर्चच्या अंगणात, दुखण्यावरचं औषध म्हणून दिलं. हवालदारांनी स्वतःच्या आईचा जबाब स्वतः लिहिला नाही, तो मी लिहिला. म्हातारीने मला वाळवलेली गोड सुकेळी खायला लावली आणि वर दटावलं, "बाबाला त्रास दिलास तर बघ."

तरीही वरिष्ठ म्हणाले असते की हा सगळा म्हाताऱ्याचा बनाव. भाडेकरूला माहीत होतं आणि बाबांना नव्हतं, ह्याचा पुरावा हवा होता. तो मला लाल चिंध्यांनी दिला.

सकाळी कृषी अधिकाऱ्यांकडे गेलो तेव्हा त्यांनी सांगितलं, ह्या झाडात नर वेगळं आणि मादी वेगळी. नर जवळ राहिला की मादीच्या तुऱ्यात बी धरतं, आणि बी धरलं की गांजा हलका पडतो. हा धंदा जाणणारा नर झाड दिसताक्षणी उपटतो. हरितगृहात एकही नर नव्हता. बाहेरच्या वाफ्यात मात्र बी धरलेल्या माद्यांबरोबर नर झाडंही राखलेली होती, चिंध्या बांधून. आतलं पीक कोण बघत होतं आणि बाहेरचं कोण, हे मला कळून चुकलं.

मी भाडेकरूला पुन्हा समोर बसवलं, चहा मागवला आणि शेतकऱ्याने शेतकऱ्याशी बोलावं तसा बोललो.

"पीक मस्त आलं होतं रे तुझं. पण बाहेरचे दोन्ही वाफे वाया गेले, नाही? सगळ्यात बी धरलं."

तो कपाकडे हात नेता नेता थांबला. वर्षभराची चडफड त्याच्या तोंडातून एकदम बाहेर पडली. "दस बार सांगितलं सर त्या बुढ्ढ्याला, की ती झाडं उपट! ऐकायलाच तयार नाही. म्हणतो, बियाण्याला ठेवलीत! अख्खा सीझन बरबाद केला त्याने!"

लिहिणाऱ्या शिपायाचं पेन थांबलं. भाडेकरूने माझ्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे त्यालाही ठाऊक असावं. पण कुठे खणायचं ते मला कळलं होतं. त्याचा जप्त केलेला फोन पंचांसमक्ष उघडला. सातिवलीतल्या एका गोदामवाल्याला त्याने पाठवलेले संदेश सापडले. झाडांचे फोटो, माल कधी देणार त्याचे वायदे, आणि तक्रारी. म्हातारा नर झाडं काढू देत नाही, ह्याला सांगूही शकत नाही की का काढायची. एका संदेशात तर लिहिलं होतं की आपण काय लावलंय हे म्हाताऱ्याला कळलं तर तो मला बावखलात बुडवेल. ते वाचून मी खुर्चीत मागे टेकलो.

दुपारी गोदामावर छापा पडला. छोट्या पुड्या आणि "शुद्ध सेंद्रिय" छापलेली लेबलं मिळाली. लेबलावरची ओळ खरी होती, एवढं त्या धंद्यातलं एकच खरं. वरिष्ठांना मी संदेश वाचून दाखवले. मग ते म्हणाले, "म्हाताऱ्याचा जबाब साक्षीदार म्हणून घ्या." आरोपपत्रातून बाबांचं नाव वगळलं गेलं. भाडेकरू आणि गोदामवाला दोघांनाही पुढे शिक्षा लागली. आमचे मुद्देमाल कारकून मात्र त्या झाडांच्या वासाने महिनाभर मला शिव्या घालत होते.

इथे प्रकरण मिटायला हवं होतं. पण बाबाच आतून मिटले. फादर स्वतः त्यांच्या घरी गेले, खबर मीच दिली म्हणाले. बाबांनी फक्त एवढंच म्हटलं, "मी देवापुढे विष ठेवलं." फादर म्हणाले, "पाणी मी झाडावर नाही शिंपडलं बाबा, तुमच्या कष्टावर शिंपडलं." बाबांना ते पटलं नाही. त्यांनी कोठीच्या खोलीला कुलूप घातलं. हवालदार मला सांगायचे, वाडी सुकत चाललीय. वर्षानुवर्षांनी शेती शिकायला कोणीतरी आलं होतं, बाबांनी त्याला जीव लावला होता, आणि त्याने त्यांच्या हातांचाच फायदा घेतला. त्या धक्क्यातून ते सावरत नव्हते. वाटायचं, बाबांना मी तुरुंगातून वाचवलं खरं, पण त्यांची वाडी काही वाचवता आली नाही.

पावसाळा तोंडावर आला तसा एका सुट्टीच्या दिवशी साध्या कपड्यांत मी वाडीवर गेलो. "बाबा," मी म्हटलं, "ते मागचं हरितगृह रिकामं पडलंय. मला दुधी लावायला शिकवा."

"तुम्ही शेतकऱ्याचे ना? मग?"

"साताऱ्यात शिकलो, बाबा. इथल्या मातीत माझं काही येत नाही."

हे अर्धं खोटं होतं, पण पोलीस नोकरीत मी त्याहून मोठं खोटं बोललोय. बाबांनी माझे हात उलटे करून तळवे पाहिले. मग कमरेची किल्ली काढली. माझ्या दर सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या शिव्या खात आळी केली, मांडव बांधला. पोलीस अधिकाऱ्याला इतक्या हक्काने कोणी झापलं नसेल. "वेलाला पाणी घालताय का आरोपीला?" असं ते म्हणायचे.

त्या वर्षीच्या आगेऱ्याला आम्ही दोघे गेलो. बाबा रिकाम्या हातांनी मागे उभे राहणार होते, मीच त्यांना पुढे ढकललं. दुधी माझ्या हातात होता. सगळं चर्च बघत होतं. फादरांनी मुद्दाम मोठ्याने विचारलं, "बाबा, हे काय आणलंय? आणि लावलं कोणी?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "दुधी आहे. साहेबांनी लावला. काही संशय असेल तर त्यांनाच उचला."

चर्च हसलं. बाबाही हसले. मला खांद्यावर नवा तारा लागला तेव्हासुद्धा इतका आनंद झाला नव्हता.

बाबा आता नाहीत. जाण्यापूर्वी त्यांनी दुधीच्या बियांचा तो भोपळा हवालदारांच्या हाती माझ्याकडे पाठवला होता. एव्हरशाईन सिटीतल्या माझ्या बाल्कनीत ग्रिलवर दरसाल त्याचा वेल चढतो, सोसायटीचे सेक्रेटरी दरसाल नोटीस लावतात आणि एक दुधी मिळाला की गप्प होतात. दुसरा दुधी मी बियाण्याला ठेवतो.

ह्या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो, माणसाचं उत्तर लिहून घ्या, पण त्याआधी तो घरात वस्तू कशी ठेवतो ते बघा. एवढं सांगितलं तरी मला माझंच बोलणं अपुरं वाटायचं. यंदाच्या आगेऱ्याला ते पुरं झालं. जुने फादर बदलून गेलेत, दारात नवे, तरुण फादर होते. त्यांनी माझ्या हातातला लांबलचक दुधी पाहून कौतुकाने विचारलं, "काका, कोणी लावला?"

"मी," मी म्हणालो. "ह्या हातांनी." आणि बोलून झाल्यावर मी तिथेच थांबलो, कारण त्या सोमवारी वाफ्यात बसलेल्या बाबांना दुसरं उत्तर देताच आलं नसतं, हे मला यंदा, त्या दारात कळलं.